सकाळपासून एकही शिवी नाही

रास्माने : ...आणि तो पांढरा कोट त्या गाठोड्यात कुठे कोंबतोयस? नर्सबाईंचा आहे तो.

झेर्बो : अरे हो. चुकलंच माझं.

रास्माने : चुकलं? अकरा वर्षं झाली आपल्याला बुर्किनाहून येऊन. अकरा वर्षं याच नदीत उभं राहून साऱ्या अबिजान शहराचं धुणं आपटतोय. कपड्यावर खूण नाही, चिठ्ठी नाही, सगळं डोक्यात. तुझ्या हातून एवढासा हातरुमाल कधी इकडचा तिकडे झाला नाही. आज दुसऱ्यांदा!

झेर्बो : माफ कर, रास्माने.

रास्माने : काय म्हणालास?

झेर्बो : माफ कर म्हटलं.

रास्माने : माझ्या कानात फेस गेला असणार. कुत्रं खाणारा सामो मोसीची माफी मागतोय!

झेर्बो : ती चादर दे इकडे, मी पिळतो. तू जरा काठावर बस.

रास्माने : मी का बसू? कंबर तुझी धरते, माझी नाही. म्हातारा तू आहेस.

झेर्बो : बरं.

रास्माने : नुसतं बरं? बरं, ते जाऊ दे. हात बघू तुझे. साबणानं काय चिरा पडल्यात! घे, लोणी लाव. डबी तळाशी आलीय, पण आज दोघांना पुरेल.

झेर्बो : नको. तुलाच राहू दे. आईनं पाठवलेलं आहे.

रास्माने : आता मात्र कमाल झाली हं. दर वर्षी माझी आई कारितेच्या बिया भाजते, कुटते, पाण्यात घुसळते, लोणी काढून पाठवते. आणि दर वर्षी निम्मी डबी तू फस्त करतोस. गेल्या वर्षी तर गावाहून डबी घेऊन तूच आलास, तेव्हा बसमध्येच दोन बोटं मारली होतीस. वर तोंड करून म्हणालास, गुलामाच्या आईचं लोणी म्हणजे मालकाचंच लोणी.

झेर्बो : म्हणालो होतो खरा.

रास्माने : मग आज म्हण की.

झेर्बो : ऊन चढतंय. सदरे गवतावर पसरून येऊ का?

रास्माने : सदरे कुठं पळून जात नाहीत. या चादरवाल्या मादाम आकिसीचं आठवतं? आपली भांडणं ऐकून बिचारी पोलिसांकडे निघाली होती. हा त्याला गुलाम म्हणतो, तो याला गुलाम म्हणतो, आता रक्त सांडणार! तिला थांबवून मीच समजावलं. बाई, मी मोसी जमातीचा, हा सामो जमातीचा, आमच्याकडे हे पणजोबांपासून ठरलेलं आहे. यानं मला काहीही बोलावं, मी याला काहीही बोलावं, रागवायचं कुणी नाही. रागावला तो फसला. ज्या दिवशी आम्ही गोड बोलू, त्या दिवशी घाबरा.

झेर्बो : छान समजावलंस.

रास्माने : बघ! छान! झेर्बो, उठल्यापासून तू मला एकदाही गुलाम म्हणाला नाहीस. गाढव म्हणाला नाहीस. माझा चहासुद्धा चोरला नाहीस. असंच चाललं तर संध्याकाळपर्यंत अहो-जाहो करशील.

झेर्बो : रास्माने, आधी जरा पाणी पी.

रास्माने : पाणी कशाला?

झेर्बो : पी ना.

रास्माने : आधी पाणी कधी पाजतात ते मला माहीत आहे. कोण गेलं?

झेर्बो : पहाटे तुझ्या थोरल्या भावाचा फोन आला होता मला. म्हणाला, परक्या मुलखात आहे तो, एकदम कानावर घालू नकोस. तू सामो आहेस, तूच सांग.

रास्माने : आई?

झेर्बो : आई.

रास्माने : चादर वाहत चाललीय बघ.

झेर्बो : जाऊ दे रे.

रास्माने : जाऊ दे काय! मादाम आकिसीची आहे, लग्नातली. धर... पुढे हो... धरलीस?

झेर्बो : धरली. तू ये इकडे काठावर. बस.

रास्माने : कधी?

झेर्बो : काल दुपारी. अंगणात बिया निवडत बसली होती. बसल्या जागी कलंडली. काही त्रास झाला नाही म्हणाला. दिवस मावळायच्या आत माती दिली.

रास्माने : म्हणजे झालंसुद्धा सगळं.

झेर्बो : बसला दोन दिवस लागतात, हे त्यालाही ठाऊक आहे. धावपळ करू नकोस म्हणालाय, चाळिसाव्याला ये.

रास्माने : आडवा कोण झोपला?

झेर्बो : काय?

रास्माने : माझ्या आईला नेताना रीतीप्रमाणे वाटेत आडवा झोपायला सामो कोण होता?

झेर्बो : मी विचारलं होतं भावाला.

रास्माने : मग?

झेर्बो : कुणी नव्हतं. शाळेतले सामो मास्तर बदलून गेले. बाकीचे पेरणीला.

रास्माने : म्हणजे तिला कुणी अडवलंच नाही. अशीच नेली. वडलांच्या वेळी माहितीय, सात सामो आडवे पडले होते! कोलाच्या बिया हातावर ठेवल्याशिवाय उठेनात. एकानं वडलांची काठी घेऊन त्यांच्यासारखं खोकून दाखवलं, तर आई रडता रडता हसली. तेवढ्या हसण्यावर तिनं पुढचा महिना काढला. आणि तिच्या वेळी कुणीच हसलं नाही.

झेर्बो : ते काम माझंच होतं. पहाटेपासून मनात जुळवत होतो, असं म्हणेन, तसं म्हणेन. तुझं तोंड बघितलं आणि जीभच उचलेना. मी सामो म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही.

रास्माने : मग आता कर.

झेर्बो : इथं? नदीकाठी?

रास्माने : इथंच. मी सहा वर्षांत गावी गेलो नाही. तू गेल्या वर्षी तिच्या हातचं जेवून आलास. माझ्यापेक्षा तुलाच ती जास्त आठवत असेल.

झेर्बो : मला रडू येतंय रे.

रास्माने : रड. पण अडव तिला.

(झेर्बो गवतावरचं फुलाफुलांचं कापड उचलून कमरेला गुंडाळतो आणि वाटेत आडवा होतो.)

झेर्बो : थांबा! कोण नेतंय हिला? कुणाला विचारून? माझ्या गुलामाची आई आहे ही, म्हणजे माझी गुलाम! माझी बाजरी कोण कांडणार? कोलाच्या बिया ठेवा हातावर, नाहीतर इथून हलत नाही मी.

रास्माने : बिया नाहीत. साबणाची वडी आहे.

झेर्बो : साबण! शेवटी मोसी तो मोसीच. सख्ख्या आईला निरोप देताना साबण काढतोय गाढव!

रास्माने : घे अर्धी.

झेर्बो : अर्धी तुझ्या गाढवाला घाल. मला अख्खी पाहिजे.

रास्माने : घे अख्खी, कुत्रं खाणाऱ्या. ऊठ आता. तिची नक्कल करून दाखव.

झेर्बो : 'कोण तू? सामो? मग तुला ताट नाही. जा, त्या कुत्र्याशेजारी बस, तिथंच वाढते. एकमेकांना खाऊ नका म्हणजे झालं!' असं म्हणाली, आणि कोंबडीची तंगडी मात्र माझ्याच ताटात.

रास्माने : डावा हात कमरेवर ठेव. डावा रे. हां.

झेर्बो : 'आणि माझा रास्माने म्हणे जगाचे कपडे धुतो. लहानपणी स्वतःची चड्डी धुवायला सांगितली तर झाडावर जाऊन बसायचा!'

रास्माने : हे... हे सांगितलं तिनं तुला?

झेर्बो : 'सांगणार नाही तर काय! फोटोत बघितलं, सदऱ्याची कॉलर काळी. जगाचा धोबी आणि याची ही कॉलर!'

रास्माने : थेट तीच. बघ, हसतोय मी. हसतोय की नाही?

झेर्बो : 'हसतोय कसला, नाक पूस आधी. हात इकडे कर. दोन्ही. काय रे या चिरा! लोणी संपलं का तुझं?'

रास्माने : नाही आई. बोटभर आहे अजून.