वरळीच्या प्रार्थनेतली भाकरी

नाही हो मामा, साफ खोटं! मी बाटले? मी? हे कपाळावरचं कुंकू बघा, हे मंगळसूत्र बघा, तो कोपऱ्यातला देव्हारा बघा—सकाळीच जास्वंद वाहिलीय. आधी आत या बघू, ही काय दारात उभं राहून बोलायची गोष्ट आहे? चाळीतल्या भिंतींना नुसते कान नसतात, तोंडंही असतात. हं, बसा त्या पेटीवर. नवरदेवाचे मामा तुम्ही—माघात माझी नलू तुमच्या घरात यायची, आणि तुम्ही लालबागेतनं उन्हातान्हाचे चालत आलात ते हे विचारायला? की जाईबाईने साहेबाच्या घरी पाव खाल्ला का? कुणी सांगितलं? नका सांगू, मला ठाऊक आहे—खालची शेवंती. तिला माझं वरळीचं काम हवं होतं, मिळालं नाही, म्हणून ही बोंब.

आता नीट ऐका. वरळीला समुद्रावर एक अमेरिकन साहेब राहतात, त्यांच्याकडे मी दोन वर्षं स्वयंपाकाला आहे. साहेब इंजिनेर, बाई उंच, गोऱ्यापान, एकदम मडमेसारख्या—म्हणजे मडमच हो! धर्माने मॉर्मन. ख्रिस्तीच, पण त्यांचं जरा निराळं असतं—पगारी पाद्री नाही, इथं देऊळ नाही, दर रविवारी दिवाणखान्यातच खुर्च्या मांडायच्या आणि प्रार्थना करायची. दोन-तीन घरची माणसं येतात. माझगावच्या त्या जुन्या चर्चात द्राक्षाची वाईन असते म्हणे, यांच्यात ते नाही. आपल्या सरकारला दारूबंदी सुचली त्याच्या कितीतरी आधी यांनी केली! दारू सोडा, चहा नाही, कॉफी नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, बाई, चहा टाकू? तर नको. संध्याकाळी विचारलं, तरी नको. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, माणसं चांगली आहेत पण बहुतेक आजारी आहेत.

हो, पाव असतो. मी लपवतेय कुठं? पाव आणि पाणी. दचकलात ना? माझी सासूसुद्धा अश्शीच दचकली. पाव आणि पाणी म्हटलं की आपल्या कोकणातल्या माणसाला दुसरं काय आठवणार—फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव पाणी प्यायलं, दुपारपर्यंत अख्खं गाव बाटलं! सासू म्हणाली, "मगे हेंका विहीर तरी कित्याक होयी, घरातच बाटवतत!" पण तसं नाही हो. टेबलावर पांढरंशुभ्र कापड, त्याला इस्त्री माझीच. त्यावर पाव, इवल्याइवल्या पेल्यांत पाणी, वरून दुसरं पांढरं कापड. सगळे गाणं म्हणतात, तेवढ्यात साहेब हातानेच पावाचे तुकडे करतात, सुरी नाही. मग गुडघे टेकून प्रार्थना—आणि ती कशी? शब्दन् शब्द ठरलेला. एक चुकला की परत पहिल्यापासून! एकदा दुसरे एक साहेब तीनदा चुकले, घामाघूम झाले बिचारे, पण कुणी हसलं नाही. नाहीतर आमचे सत्यनारायणाचे भटजी, पुढच्या घरची पूजा गाठायची म्हणून अध्यायच्या अध्याय गिळतात. मग ताट हातोहात फिरतं, उजव्या हाताने एकेक तुकडा घ्यायचा, लहान मुलांनीही. मग तसंच पाणी. कुणी बोलत नाही.

मी बाईंना विचारलं, हे काय? त्यांचं हिंदी असं की त्यापुढे आपलं बरं. म्हणाल्या, पाव म्हणजे येशूचं शरीर, पाणी म्हणजे त्याचं रक्त. मी कानांवर हात ठेवले! तर म्हणाल्या, तसं नव्हे जाई, पाव पावच राहतो, पाणी पाणीच. ती नुसती खूण. त्याने आपल्यासाठी जीव दिला ते आठवायचं आणि त्याला दिलेला शब्द पुन्हा द्यायचा. पुन्हा कशाला, एकदा दिला ना? तर म्हणाल्या, माणूस विसरतो. आठवड्यात विसरतो. म्हणून दर रविवारी. मला पटलं हो! आमचे हे दर दिवाळीला विडी सोडतात. दर रविवारी सोडली असती तर एव्हाना सुटली असती.

आणि बाटायचंच म्हणाल तर तो पाव मळतं कोण? मी! बाई शेजारी उभ्या राहून शिकवतात, पण हात माझे. माझ्या हातचं ते खातात, मग कुणी कुणाला बाटवलं? हसलात—हसा, बरं वाटलं. नाही, मी नाही खात. मी आपली दाराशी बसते. शपथ? आता शपथ कशाला मध्ये? बाईमाणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

तुम्हाला खरी गंमत सांगते. गेल्या जानेवारीत—मुंबई महाराष्ट्राला नाही म्हणाले आणि गिरणगाव पेटलं, ते तुम्हाला काय सांगायचं. गोळीबार, कर्फ्यू. आमच्या ह्यांना सत्याग्रहात धरून नेलं, कुठं ठेवलंय पत्ता नाही. रविवारी कर्फ्यू दोन तास उठला. शहाण्या बाईने घरी बसावं की नाही? मी भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि निघाले वरळीला. म्हटलं, साहेबांच्या ओळखीने ह्यांचा शोध लागेल, वाटेत कुठं दिसलेच तर पोटाला होईल. पोचते तर तिथं निराळीच रड. बेकऱ्या बंद, घरातला मैदा संपलेला, आणि रविवार! टेबलावर कापड घातलेलं आणि त्याच्याखाली काही नाही. बाई रडकुंडीला आलेल्या. मी म्हटलं, बाई, भाकरी चालेल? तांदळाची आहे. आपलं अर्धं चेष्टेत म्हटलं हो! बाईंनी साहेबांकडे बघितलं, साहेब काहीतरी बोलले, बाई मला म्हणाल्या, आमच्या पोथीत लिहिलंय, काय खाता-पिता त्याला महत्त्व नाही, मनापासून आठवण केली की झालं. आणि घेतली की माझी भाकरी! साहेब बिचारे तोडताहेत, वाकडेतिकडे तुकडे पडताहेत. प्रार्थना मात्र तीच, शब्दन् शब्द. माझी भाकरी, मामा! या चुलीवरची! त्या पांढऱ्या कापडावर! मला असं भरून आलं. ताट फिरत फिरत दाराशी आलं, बाई म्हणाल्या, हवं तर घे, नको तर नको, आणि मी आपली—

नाही, म्हणजे—

बरं, खाल्ली. खाल्ली मामा! चार दिवस रडणं आवरून धरलं होतं, ते त्या एका तुकड्यासरशी बाहेर पडलं. आणि घास तोंडात असतानाच आठवलं, इथं शब्द द्यावा लागतो. कुणाला देऊ? त्यांच्या देवाची माझी ना ओळख ना पाळख. मी आपल्या गावच्या वेतोबालाच दिला, तो कुठूनही ऐकतो. आणि म्हटलं काय? दुसरी असती तर म्हणाली असती, नवऱ्याला सोडव. माझ्या तोंडी आली नलू. हे तिला रोज म्हणायचे, चाळीतली पहिली मॅट्रिक पोरगी तू. म्हणून मी म्हटलं, देवा, हे परत येवोत न येवोत, पोरीची शाळा मी मध्येच सोडवणार नाही. अठरा दिवसांनी हे आले, दाढी वाढलेली, दारातनंच ओरडले, पोरीचा अभ्यास कुठवर आला? आणि मी—

आणि मी तुम्हाला माघातला मुहूर्त कबूल केला. तुमची माणसं म्हणाली, सुनेला परीक्षा कशाला हवी, आणि मी मान डोलावली. गिरणीत कायम नोकरीचा मुलगा, हातचं स्थळ जाईल म्हणून घाबरले. हे म्हणाले, तू ठरवलंस ना, मग झालं—आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. नलूने तर त्याच रात्री पुस्तकं बांधून फळीवर ठेवून दिली, शाळेत आता नुसती जाऊन बसते. आणि मी इथं बसून तुम्हाला शब्द द्यायच्या गोष्टी सांगतेय, हसून हसून! अजून वर्ष नाही झालं मामा. बाई म्हणाल्या होत्या ना, माणूस आठवड्यात विसरतो.

नाही, थांबा, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही भला माणूस, समजूत घालाल, आणि मी परत हो म्हणेन. घरी जाऊन सांगा, जाईने खाल्लं. पाव नाही, भाकरी, आणि ती स्वतःची. आणि सांगा, माघ नाही. परीक्षा मार्चात आहे. वैशाखात यायचं असेल तर वाजतगाजत या, तुमच्या पायांवर दूध घालीन. नाही आलात तर माझं नशीब, पण पोरगी पेपर लिहिणार. उठा आता, रागावू नका. शाळा सुटायची वेळ झाली. तुम्ही इथं दिसलात तर ती बाहेरच घुटमळेल, आणि ती फळीवरची पुस्तकं मला तिच्यासमोर खाली काढायचीत.