कशेळ्याचा दगड आणि जाळीची किल्ली

नाही, पण मला सांगा, वाचनालयात घंटा टांगायची ही कुठली पद्धत? आणि टांगली कुठे, तर 'शांतता राखा' या पाटीच्या बरोब्बर खाली! येणारा माणूस आधी पाटी वाचतो... छे, वाचतो कुठला, आधी घंटा बडवतो, मग पाटीलाच नमस्कार करतो, मग जाळीशी येऊन म्हणतो, 'मास्तर, जरा उघडा.' मी उघडतो. न उघडून सांगतो कुणाला? ग्रंथपाल मी, किल्ली माझ्याकडे.

तुम्हाला सांगतो, चूक सगळी दत्तोपंतांची. दत्तोपंत म्हणजे आमच्या कर्जतच्या वाचनालयाचे अध्यक्ष, पेशानं वकील. स्वातंत्र्य मिळून वर्ष होतंय न होतंय तोच त्यांना इतिहासाची उबळ आली. म्हणे, पुण्याला इतिहास आहे, साताऱ्याला आहे, मग कर्जत-खालापूरनं काय घोडं मारलंय? झालं! एका कोपऱ्याला कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली जाळी मारली, दाराला कुलूप, वर पाटी, 'स्थानिक इतिहास, विशेष संग्रह'. आणि संग्रहात काय? वाळवीनं आमच्याआधी वाचून संपवलेली अर्धी सनद, मूठ नसलेली तलवार, नि माथेरानच्या गाडीचा एक फोटो, त्यात गाडी कमी आणि धूर जास्त. आणि हे बघायला पुण्याचे एक मोठे संशोधक येणार! मला तर घामच फुटला. त्यांना काय धूर दाखवायचा?

तेवढ्यात मला तो दगड सापडला. कशेळ्याला गेलो होतो, तिथं ओढ्यावर सोनाबाई धुणं आपटत होती, आणि ज्या दगडावर आपटत होती त्याच्या खालच्या अंगाला मला घोड्याचा पाय दिसला. दगडाला पाय! चारचौघांना हाक मारून उलटा करवला, तर काय... वर चंद्रसूर्य, मधे ढाल-तलवार घेतलेला वीर, आणि तळाशी दोन ओळी अक्षरं, अगदी ठसठशीत! अहो, डोळे भरून आले माझे. खोटं नाही सांगत. आपल्या मुलखाबद्दल कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही त्याला पालथा घालून वर गोधड्या धूत होतो. सोनाबाई म्हणाली, न्या की मास्तर, पर मला दुसरा सपाट दगूड आणून द्या, धुनं काय हातावर धुऊ? मग मी काय करावं? आमच्या परसातला दगड, म्हणजे सौभाग्यवती पद्मजाबाईंचा धुण्याचा दगड, बैलगाडीत घालून कशेळ्याला पोचता केला. बाई बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी होत्या. म्हटलं, येईपर्यंत दुसरा बघू. कुठला बघतोय!

पुढं तो वीराचा दगड जाळीआड उभा करून उद्घाटन. आता उद्घाटन म्हटल्यावर माणसानं फीत कापून गप्प बसावं की नाही? नाही! दत्तोपंतांनी दगडापुढे नारळ फोडला. मी कानाशी लागून सांगत होतो, अहो, देव नाही हा, पुरावा आहे. ते म्हणाले, शुभकार्याला नारळ हवाच. आणि तुम्हीच सांगा, आपल्याकडे ज्याच्यापुढे नारळ फुटला तो नुसता दगड राहतो का? दुसऱ्या दिवशी एक फूल आलं. मग उदबत्ती. मग तेल-शेंदूर. मग ती घंटा! सोनाबाई तर रडतच आली, 'इतकी वर्सं देवाच्या पाठीवर धुनं आपटलं, म्हून माजा गुडघा दुखतोय रं बाबा,' आणि दर शनिवारी बोट बोट शेंदूर. मी अक्षरांवर हात धरून उभा राहिलो, तर शेंदूर माझ्या हातावर. विद्वानांनी स्वतः वाचावीत म्हणून मी अक्षरांचा ठसाही घेतला नव्हता हो! दत्तोपंतांपुढे रडलो, तर म्हणतात, वाचनालयात कुत्रं फिरकत नव्हतं, आता रांग लागलीय, आणि तुम्ही तक्रार करता? त्या रांगेत वाचणारा एक नाही! आणि किल्ली कुणाकडे? माझ्याकडे. देव उठायच्या आधी मी उठायचं.

संशोधक यायच्या आदल्या दिवशी अख्खं कशेळं ढोल वाजवत हजर. पुढे सोनाबाईचा नवरा, हिरामण. म्हणाला, 'आमचा देव खुराड्यात कोंडता व्हय? पालखी आनलीय.' मी जाळीला पाठ लावून उभा. म्हटलं, एक दिवस थांबा, उद्या अक्षरं वाचून होऊ देत, मग खुशाल न्या! दत्तोपंतांनी गर्दी बघितली आणि हळूच म्हणाले, 'किल्ली द्या.' दिली, काय करता! पण माणसं इमानी बरं का. हिरामण म्हणाला, आमी कुनाचं ठेवत नाय. आणि माझा तो सपाट दगड गाडीतून उतरवून त्याच जागी उभा करून गेले.

दुसऱ्या दिवशी संशोधक आले. भिंग काढलं. धुण्याच्या दगडापुढे वाकून बघतायत... बघतायत... मी तोंड उघडलं, तोच दत्तोपंतांचा बूट माझ्या पायावर. आणि ते गृहस्थ गंभीर आवाजात म्हणतात, 'अक्षरं पार झिजून गेलीत. म्हणजे फारच प्राचीन. हा इथून हलवू नका.' दत्तोपंतांनी लगेच नारळ मागवला. मी हातापाया पडलो, नारळ तेवढा नको... फुटला!

सोनाबाई पालखीतून नेलेल्या देवाचा प्रसाद द्यायला आली होती. तिनं नारळ बघितला, दगड ओळखला आणि मटकन खाली बसली. 'आता गं बया, ह्याच्यावर बी म्या धुनं धुतलं की!' आणि कनवटीची शेंदराची पुडी सोडली.

त्याच आठवड्यात पद्मजाबाई माहेरहून आल्या. आधी परसात गेल्या, तिथून तडक वाचनालयात. दगड बघितला, शेंदूर बघितला. म्हटलं, आता माझं उद्घाटन. पण नाही, बाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, चुकलंमाकलं पोटात घाल म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या.

'मला दुसरा दगड आणा. आणि आणण्याआधी उलटा करून बघा.'

तेव्हापासून शोधतोय. किल्ली माझ्याकडे, आणि दगड मिळेपर्यंत धुणंही माझ्याकडे! तुमच्याकडे एखादा साधा दगड आहे का हो... दोन्ही बाजूंनी कोरा?