मायनं दिलेली साक्ष

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट, पण मायचं नाव निघालं की आजही माझी मान ताठ होते. आमच्या शेतातून नदीवर जाणारी गाडवाट आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काट्या टाकून बंद केली. गावानं तक्रार केली, मामलेदार पाहणीला आले. पण आबा पडले गावचे पाटील, त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडेना. तेव्हा माय पुढे झाली.

"मी नवरी व्हयीसन याच वाटवरथीन उनू. तवय ती बठ्ठा गावनी व्हती."

मामलेदार म्हणाले, "बाई, तुम्ही नवरी होऊन आलात तेव्हा वाट सगळ्या गावाची होती, ही साक्ष तुमच्या नवऱ्याविरुद्ध जाते आहे."

"नवरा मना शे, साहेब. वाट गावनी शे."

नवरा माझा, पण वाट गावाची, हे मायचं बोलणं ऐकून आबांनी स्वतःच्या हातांनी काट्या उपसल्या. एरवी पुढे चालणारे आबा त्या दिवशी मायच्या बरोबरीनं घरी आले.