धाकटा खडा

(सुट्टीची दुपार. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर मुलगी. शेजारच्या स्टुलावर तिची आई.)

मुलगी: टेबलाला धक्का लावू नकोस, आई. तीन महिन्यांनी कुठे त्या प्रोटीनच्या थेंबात स्फटिकाचे दोन खडे धरलेत.

आई: मी गपचूप बसलेय. तूच मघापासून नुसती सुई धरून बसलीयस. मोडायचाय ना एक?

मुलगी: धाकटा. मोडल्याशिवाय कळतच नाही. प्रोटीनचा असला तर मऊ, सुई टेकवली की भुगा. थेंबातल्या मिठाचा असला तर कडक, कटकन तुटतो.

आई: मागच्या वर्षीसारखा.

मुलगी: तेव्हा न मोडताच गावभर सांगून बसले. सर अजून 'मीठवाली' म्हणतात. यंदाही मीठ निघालं तर सोमवारपासून हे काम बंद.

आई: आणि हे माझ्या जखमेतल्या जंतूंचं?

मुलगी: त्याच जातीच्या जंतूंचं. यात जंतू नाहीत, नुसतं त्यांचं हत्यार आहे. औषध आत शिरलं की हे प्रोटीन त्याचे तुकडे करतं.

आई: म्हणजे चाळीस दिवस मी इंजेक्शनं टोचून घेत होते, आणि हा बाबा आत बसून कातरत होता.

मुलगी: हो. त्याचा नेमका आकार कळला, तर ती कात्री अडवणारं औषध बेतता येईल. आकार बघायला असा खडा लागतो.

आई: बरोबर आहे. माप घेतल्याशिवाय कापडाला हात कोण लावतं? मोड मग.

मुलगी: माझ्याच्यानं होत नाहीये गं.

आई: सरक जरा. तीस वर्षं काजं केलीत मी. कुठे बघायचं, इथून? हं, दिसले.

मुलगी: धाकटाच हं. हळू.

आई: आता बोलू नकोस.

मुलगी: वाजला का? आई? काय झालं?

आई: वाजलं काहीच नाही. सुई टेकवली न टेकवली, तोच विरघळल्यासारखा पसरला. माझं चुकलं का काही?

मुलगी: बघू दे. भुगा झालाय. आई, मऊ आहे. प्रोटीनच आहे हे.

आई: आणि थोरला?

मुलगी: धडधाकट. उद्या क्ष-किरणांखाली ठेवते त्याला.

आई: मग आधी डोळे पूस. ते खारं पाणी थेंबात पडलं तर पुन्हा मीठच व्हायचं.

मुलगी: सरांना फोन करू?

आई: कर ना. फक्त ही सुई घे आधी माझ्या हातातून. थोरल्याला लागायला नको.