चिकेमागचं कापड

रुपराव : अवं, मंग काय ही खिडकीची बांबूची चिक तशीच ठेवू? नुसता हात लावला तं आर्ध्या गल्लीची धूळ खाली पडली. वरून चुलीची काजळी वेगळी.

प्रेमिला : धूळ झाडा म्हटलं होतं मी. सोलून काढा नव्हतं म्हटलं.

रुपराव : सोलली कुठं? मागचं कापड सडलं होतं, ते फाडून टाकलं. निळं होतं का काळं, हे तुह्या बापालेही सांगता आलं नसतं.

प्रेमिला : माह्या बापाले चिकेतलं काई समजत नव्हतं. त्याइच्या घराले खिडक्याच नव्हत्या. पण मी सांगून राहिली, नवं कापड शिवल्याशिवाय चिक टांगू नका.

रुपराव : काहून?

प्रेमिला : लोकं कापड कायले लावते मंग?

रुपराव : कामट्या हलू नये म्हणून. अन् मी दोरा नवा ओवला ना! पाय, एक तरी कामटी सरकते का? रिठ्याच्या पाण्याचं फडकं घेतलं, पिळलं, एकेक कामटी पुसली. बुडवली नाई. बुडवली का बांबू फुगते. सावलीत वाळवली. वरच्या दोरीच्या घिरणीले खोबरेल लावलं. आता दोरी ओढली का सर्रकन वर! साहेबाच्या बंगल्यावर असते तशी.

प्रेमिला : साहेबाच्या बंगल्याभोवती बगीचा असते. आपल्या चुलीपाशी बसून हात बाहेर काढला तं गल्लीतल्या माणसाच्या टोपीले लागते.

रुपराव : म्हणूनच तं! गल्लीतून येणाऱ्याले पहिले हेच दिसते. महादेव येऊन राहिला ना आज?

प्रेमिला : हे सारं भाऊजीसाठी चाललं का? मले वाटलं घरासाठी.

रुपराव : माहा सख्खा लहान भाऊ, दोन वर्षांनी उंबऱ्यावर पाय ठेवून राहिला. त्याले समजलं पाहिजे, ज्या घरात बाईमाणूस बाईमाणसासारखं राहते, त्या घरची चिक कशी लख्ख असते.

प्रेमिला : चिक तुम्ही पुसली.

रुपराव : ते त्याले काय माहीत?

प्रेमिला : हे पहा, भाऊजी चिक पाहाले येऊन नाई राहिले. त्याइच्या पोरीच्या, कौशल्याच्या लग्नाची अक्षत घेऊन येऊन राहिले. देवापुढं ठेवली का दुसरी अक्षत मोठ्या भावाची. तुम्ही ती घेतली नाई, तं पोरीच्या मांडवात काका दिसणार नाई. मंग जन्मभर तोंड पाहू नका एकमेकांचं.

रुपराव : घेईन ना. पहिले त्यानं माफी मागाची, मंग घेईन.

प्रेमिला : त्याइनं? दोन वर्षांपूर्वी पारशिवनी गावच्या पंगतीत, साऱ्या सोयऱ्याइपुढं, ‘बायकोचा स्वयंपाकी’ कोण म्हटलं कोणाले?

रुपराव : खोटं म्हटलं का? बायको दवाखान्यात नर्स, तिची रातपाळी, अन् हा शाळामास्तर घरी बसून पोळ्या लाटते! आमच्या घराण्यात कोण्या माणसानं तव्याले हात लावला नाई.

प्रेमिला : हो का. पीठ काढून ठेवू?

रुपराव : ठेव. ज्वारीचंच काढजो. अन् पाणी मी टाकीन, तुह्यानं जास्त होते.

प्रेमिला : मंग भाऊजीचं अन् तुमचं वेगळं काय झालं?

रुपराव : लय वेगळं आहे! तुह्या दम्याचं आहे हे. डॉक्टरनं धुरापाशी बसू नको म्हटलं तुले. म्हणजे हे दवाईसारखं आहे. मी भाकरी नाई थापत, दवाई देतो.

प्रेमिला : अन् ताराबाईची रातपाळी?

रुपराव : ते वेगळं. अन् मुख्य गोष्ट, माहं कोणाले माहीत नाई. घराची इज्जत घरात राहते. आता आयक. तो आठच्या गाडीनं येईन. तोपर्यंत मी सारं उरकतो. तो दिसला का तू परातीपाशी बस, हाताले जरासं पीठ लावून घे. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसतो.

प्रेमिला : पेपर कालचा आहे.

रुपराव : त्याले काय समजते?

(दिवेलागण झालेली. रुपराव आत चुलीपाशी, वर दिवा. प्रेमिला बाहेर गल्लीत, खिडकीसमोर.)

प्रेमिला : अहो.

रुपराव : काय वं? हात पिठाचे आहे माहे.

प्रेमिला : तेच सांगाले थांबली. दिसून राहिले.

रुपराव : काय दिसून राहिले?

प्रेमिला : हात. पीठ. परात. बनियन. बनियनचं पाठीवरचं भोक.

रुपराव : चिक पुरी खाली सोडली आहे मी!

प्रेमिला : पुरीच आहे खाली. पण आत उजेड अन् बाहेर अंधार. कापड होतं, काजळी होती, तोपर्यंत भिंतीसारखी होती. आता तुम्ही अशी लख्ख केली का कामट्याइच्या फटीफटीतून तुम्हीच तुम्ही.

रुपराव : हळू बोल! समोरची इंदूबाई ओट्यावर आहे का?

प्रेमिला : होती. आत्ताच आत गेली.

रुपराव : मंग ठीक आहे.

प्रेमिला : हसाले गेली.

रुपराव : अवं, मंग दिवा बंद कर ना!

प्रेमिला : मी गल्लीत आहे. बटन तुमच्या डोक्यावर आहे.

रुपराव : अन् अंधारात भाकर कशी पलटवू? हात भाजून घेऊ? तू असं कर, चादर आण अन् टाक खिडकीवर. लवकर!

प्रेमिला : आणली असती. पण आता उपयोग नाई.

रुपराव : काहून?

प्रेमिला : महादेव भाऊजी उभे आहे इथं. आठच्या आधीचीच गाडी भेटली त्याइले. तुम्ही पहिली भाकर थापली तवापासून उभे आहे.

महादेव : नमस्कार करतो, दादा.

रुपराव : …महादेवा? मंग दार काहून नाई ठोकलं गा?

महादेव : तुम्ही कामात होते.

रुपराव : काम कायचं! ते… तुह्या वहिनीले आज जरा बरं नाई.

प्रेमिला : मले बरं आहे.

रुपराव : तू चूप बस वं! आजच्यापुरतं बसलो गा मी. पाहून राहिलो होतो, जमते का म्हणून.

महादेव : दादा, तुम्ही पाण्याचा हात फिरवून भाकर पलटवली, निखाऱ्यावर टाकली, अन् ती टम्म फुगली. पहिल्यांदा बसणाऱ्याची फुगत नाही. माझी तर अजूनही फुगत नाही. तारा म्हणते, पापड केला.

रुपराव : पाणी कसं घेते तू?

महादेव : कोमट.

रुपराव : मंग कशी फुगीन? खळखळ उकळतं पाहिजे! पिठात टाकाचं, उलथन्यानं कालवाचं, झाकून ठेवाचं, मंग मळाचं. इतकी मेहनत केली तवा कुठं…

प्रेमिला : सांगा, सांगा. घराण्याची विद्या आहे, भावाले नाई तं कोणाले सांगान?

महादेव : किती वर्षं झाली, वहिनी?

प्रेमिला : माहा दमा वाढला तवापासून. पंगतीच्या कितीक आधीपासून.

महादेव : पंगतीच्या आधीपासून?

रुपराव : आत ये गा तू. गल्लीत उभं राहून घरचं नको बोलू.

महादेव : येतो. पण आधी सांगतो, दादा. त्या दिवशी मी ताटावरून उठलो. शाळेत पोरं मागून ‘स्वयंपाकी’ म्हणायची, गावभर झालं होतं. तुमचा फार राग होता मला. आजही ताराने पाठवलं म्हणून आलो. राग अजून आहे. अन् आता तर जास्तच आला आहे.

प्रेमिला : बोला. माफी पहिले मागाची असं ठरलं होतं ना आपलं?

रुपराव : हो. ठरलं होतं.

प्रेमिला : मंग?

रुपराव : महादेवा, माहं चुकलं गा. तू उठला, तवाच समजलं होतं मले. मीही उपाशीच उठलो. घरी आलो अन् रातच्याले भाकरी थापल्या.

प्रेमिला : दोन्ही करपवल्या.

रुपराव : तुले पाहून भेव वाटे गा मले. तू उजागरीनं करत होता. कोणी म्हटलं असतं, मोठाही तसाच आहे का? म्हणून मीच पहिले बोंबललो.

(महादेव चपला काढून दारातून आत येतो.)

प्रेमिला : भाऊजी, या. पाय धुवा.

महादेव : अक्षत पिशवीत आहे, दादा. हात धुऊन घ्या.

रुपराव : अक्षत कोरड्या हातानं घ्या लागते. अजून दोन गोळे आहे, ते झाले का धुतो. तू बस इथं. एक तू थाप. पाहू दे, कुठं चुकते तुहं.

महादेव : आत्ता? इथं?

प्रेमिला : इंदूबाई पुन्हा ओट्यावर आली. संगं कोणाले तरी घेऊन आली.

रुपराव : येऊ दे. महादेवा, तिकडं कोपऱ्यात कायले बसला गा? तिथं अंधार आहे. इकडं सरक, खिडकीपाशी.