ऐटीत लंगडणारा ताल

…परत तेच! आता तुम्हीबी तेच सांगा मला! 'अण्णा, त्रिशलाच्या लग्नात काय बँड वाजला हो, अंगावर काटा आला!' आला ना काटा? यायलाच पाहिजे. अख्ख्या बोरगावच्या अंगावर आलाय. माझ्या खताच्या दुकानातल्या हमालाच्या आला, पोती घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरच्या आला, आणि तो तर नुसता जेवायला आलता! एका माणसाच्या अंगावर तेवढा आला न्हाय. कुणाच्या? ह्या वीरेंद्र अण्णाच्या! पोरीच्या बापाच्या! ज्यानं तो बँड बसवून घेतला, त्याच्या! तुम्हाला सांगतो, मला नुसतं बसून ऐकायचं होतं हो. दुसरं काय मागितलं होतं मी?

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हायतर तुम्हाला वाटायचं म्हातारा उगंच कुरकुर कराय लागलाय.

मला जुन्या तबकड्यांचा नाद. पण नाट्यपदं न्हाय, भावगीतं न्हाय. बिग बँड जॅझ! कॉलेजात होतो तेव्हा लोंढ्याला माझी गाडी चुकली. स्टेशनात बसून करायचं काय? हिंडत हिंडत रेल्वेच्या क्वार्टर्सकडं गेलतो, तर एका खिडकीतनं आवाज… काय सांगू! एका वेळी पंधरा-सोळा माणसं फुंकाय लागलेली. सॅक्सोफोन काय, ट्रॉम्बोन काय, ट्रंपेट काय, सगळी मिळून अशी अंगावर येणार… आणि एकदम गप्प! आणि त्या गप्पपणात एकटा पियानो. टिंग. टिंग. मी तिथंच फाटकाला धरून उभा. घरातले गोवेकर गार्डसाहेब बाहेर आले, म्हणाले, "काय रे, कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोण नको, तेवढं परत लावता काय?" लावलं त्यांनी. पुढचीबी गाडी चुकली.

रिटायर होऊन गोव्याला जाताना त्यांनी त्यांची तबकड्यांची पेटीच मला दिली. तेव्हापासनं मी लागलोय. बेळगावचे भंगारवाले मला ओळखत्यात. पुण्याला पाहुण्यांच्या मर्तिकाला गेलो तरी येताना काखेत तबकडी. पद्मावतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, एकदा विचारलं, "कोण ओ ही माणसं?" मी उत्साहानं सांगाय लागलो, ह्या बँडमास्तराला ड्यूक म्हणायचे, ह्याला काउंट… तर म्हणती कशी, "म्हणजे संस्थानं गेल्यावर हे सगळे बँडात शिरले व्हय?" मी तबकडी उलटी करून लावली.

पण एक दुखणं होतं. तबकडीतली ती सोळा माणसं कवाच गेलेली. मला ती समोर पाहिजे होती. जिवंत, घाम पुसणारी. एकदा तरी! आणि मग एकदा निपाणीत वरातीत अडकलो. स्कूटर पुढं जाईना, मागं जाईना, कानाला लागून बँड कोकलतोय… आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, ट्रंपेट हाय की हितं! ट्रॉम्बोन हाय, क्लॅरनेट हाय, सॅक्सोफोनबी हाय! सगळं हाय, फक्त गाणं चुकीचं हाय!

झालं. त्रिशलाचं लग्न ठरलंच होतं. मी तडक त्या बँडाच्या मालकाकडं, मष्णू मास्तरांकडं. मोबाईलवर भरून नेलेलं त्यांना ऐकवलं. मास्तरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अण्णा, ह्यात गाणं कुठं हाय?"

"गाणं न्हाय मास्तर. नुसती वाद्यं."

"मग माणसं नाचणार कशावर? आणि ह्यो ताल… ह्यो लंगडतोय की ओ!"

"व्हय, लंगडतोय. पण ऐटीत लंगडतोय."

मास्तरांनी परत ऐकलं. मग परत. मग पायानं जमिनीवर ठेका धरून म्हणाले, "ऐटीत… ऐटीत लंगडायचं. जरा अवघड हाय. बसवू."

घरात हे सांगितलं तर पद्मावती लाटणं घेऊनच बाहेर आली. "लेकीच्या लग्नात लंगडा ताल? चिक्कोडीची कन्नड माणसं हायत, काय म्हणतील? नवऱ्याकडची डीजे मागाय लागलीत!" त्रिशला म्हणाली, "आई, अण्णांना वाजवून घेऊ दे गं. डीजेनं आज्जीच्या छातीत धडधडतंय." नवऱ्याची आज्जी हो. ऐंशीच्या पुढं गेलेली. मग असं ठरलं की नवरा कार्यालयाच्या दारात उतरला की तेवढं एक वाजवायचं, बाकी सगळं नेहमीसारखं.

आता तुम्ही म्हणाल, तालमीत ऐकलं असेल की! कुठलं ऐकतोय? लग्नसराई! आज ट्रंपेटवाले हायत तर क्लॅरनेटवाले गडहिंग्लजला. उद्या क्लॅरनेटवाले आले तर ट्रॉम्बोनवाला उसाच्या तोडीला. मी आपला रोज दुकान बंद करून मास्तरांच्या शेडात जायचो आणि चतकोर चतकोर ऐकून यायचो. एका दिवशी नुसता ढोल. म्हणजे बघा, पुरणपोळीतलं आज पुरण, उद्या पीठ! मास्तर म्हणायचे, "अण्णा, काळजी करू नका, लग्नादिवशी सगळी एका जागी." मी म्हटलं, चला, एवढी वर्षं थांबलो, आणि थोडं. नुसतं बसून तर ऐकायचंय.

लग्नाचा दिवस उजाडला. निपाणीचं कार्यालय. मी सकाळीच एक प्लास्टिकची खुर्ची दाराच्या बरोबर समोर मांडली आणि त्यावर माझा टॉवेल टाकला. कुणाला बसू दिलं न्हाय. नवऱ्याची गाडी आली. मष्णू मास्तर, अंगात तो लाल कोट, खांद्यावर जरतार उडालेल्या झालरी, मागं सगळी माणसं रांगेत, ट्रॉम्बोनवाल्यानं तर केसाला तेल लावून भांग पाडलेला. मी खुर्चीत बसलो. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. क्लॅरनेट उचललं. बोटं वर केली. एक… दोन…

फोन!

कुणाचा? नवऱ्याकडच्या बसच्या ड्रायव्हरचा. "अण्णा, आम्ही पोचलो ओ. समदी उप्पीट खायला बसलीत. पण नवरा कुठं दिसंना!"

"दिसंना कसा? नवरा हितं माझ्यासमोर उभा हाय!"

"न्हाय ओ, हितंबी एक नवरा हाय. पण तो आपला न्हाय!"

भलत्याच कार्यालयात! अख्खी बस उतरून भलत्याच लग्नात उप्पीट खायला लागलेली! आणि त्या बसमध्ये कोण? आज्जी! विहीणबाईंनी आधीच बजावलं होतं, "आज्जीशिवाय अक्षता न्हायत बघा अण्णा." मी उठलो. तसाच बोलत बोलत बाहेर, स्कूटर काढली, आणि सुटलो. त्या कार्यालयात पोचलो तर आज्जी पहिल्या रांगेत, तिथल्या नवरीच्या डोक्यावरनं हात फिरवून आशीर्वाद देत बसलेली. तिला उठवायचं म्हणजे काय सोपं? "यारप्पा नी?" म्हणाली मला. कोण रे तू? मी म्हटलं, "आज्जी, मी नवरीचा बाप." तर त्या नवरीचा खरा बाप उठला की माझ्या अंगावर!

तो सगळा गोंधळ निस्तरून, आज्जीला पुढं घालून परत आलो, तर… बँडवाले जेवाय बसलेले.

माझ्या खुर्चीत विहीणबाई. माझ्या टॉवेलानं डोळे पुसत. "भाळ छलो ओ अण्णा, भाळ छलो," म्हणजे लई चांगलं, लई चांगलं. पद्मावती, हां, लाटणंवाली पद्मावती, म्हणाली, "अहो, तुमचं ते संस्थानिकांचं… बरं असतंय की!" एवढी वर्षं एका घरात वाजवलं तेव्हा न्हाय, आणि आता! मष्णू मास्तर श्रीखंड सोडून उठून आले. माझा हात धरला. "अण्णा, आजपर्यंत आम्ही वाजवलं की माणसं नाचायची. आज पहिल्यांदा नाचायची थांबली आणि ऐकाय लागली. कसं झालं, सांगा तुम्ही."

काय सांगू मी त्यांना? तोंडाकडं बघत होते हो माझ्या. मी म्हटलं, "मास्तर, तबकडीच्या वर गेलात." आणि त्यांना परत पंगतीत बसवून श्रीखंडाची वाटी त्यांच्या ताटात उलटी केली.

परत वाजवा म्हणायचं तर त्यांना दुपारी दुसरं लग्न. पुढच्या महिन्यात गेलो तर सॅक्सोफोनवाला गोव्याला हॉटेलात लागलेला. तो न्हाय म्हटल्यावर मास्तर म्हणाले, "आता ते अर्धवट वाजवाय नको अण्णा. एकदा झालं, झकास झालं." झकास झालं! व्हय ओ! मला नुसतं बसून ऐकायचं होतं!

मग लग्नाचा व्हिडिओ आला. मी म्हटलं, देवानं ऐकलं! दार लावून घेतलं, टीव्हीसमोर बसलो. नवरा उतरतोय… मास्तरांनी बोटं वर केली… एक, दोन… आणि कोण बाई सिनेमातलं गाणं म्हणाय लागली! व्हिडिओवाल्यानं खालचा सगळा आवाज काढून वर गाणं चिकटवलेलं. फोन केला तर म्हणतो, "अण्णा, तिथं नुसता बँड होता, मूड येईना. मूळचा आवाज? तो पुसला की कवाच."

म्हणून मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि नुसतं बघत बसलो. मास्तरांचे गाल फुगतायत. ट्रंपेटवाले एकदम उठून उभे राहिले, अगदी तबकडीतल्यासारखे. माणसं थांबलीत. विहीणबाई तोंडाला हात लावून. आणि ट्रॉम्बोनवाल्याच्या मागनं, अगदी हाताच्या अंतरावरनं, एक फेटेवाला चाललाय घाईघाईनं. एका कानाला फोन लावलाय. दुसऱ्या कानात बोट घातलंय. पार आतपर्यंत! आणि मागं वळून त्या बँडाकडं बघून ओरडतोय. आवाज बंद होता, तरी ओठांवरनं मला समजलं ना. माझेच ओठ. "अरे मोठ्यांदा बोल की! हितं कसला कालवा चाललाय, काय ऐकाय येईना!"