आतून घासलं होतंस का?

ती : अहो, हे भाऊजींचं पत्र ना? नऊ वर्षांपूर्वीचं. रिमोटच्या विमानांच्या पुस्तकात खुणेला घातलंय तुम्ही.

तो : खुणेला नाही गं. ठेवलं होतं. उत्तर द्यायचं म्हणून.

ती : मग? कितव्या पानावर आलंय उत्तर?

तो : थट्टा नको. माझे दोन्ही हात फायबरच्या धुळीने भरलेत, नुसती खाज सुटलीय. ठेव ते होतं तिथे.

ती : वाचून झालं माझं. चार ओळी तर आहेत. "दादा, मैदानावर सगळे म्हणतात माझा हात चुकला, मी रिमोटची दांडी जोरात ओढली. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. तुला एकच विचारतो. इंजिनाची फळी चिकटवण्याआधी विमानाचं धड आतून घासलं होतंस का? रागावू नकोस."

तो : शेवटचे दोन शब्द नसते, तर लिहिलं असतं मी.

ती : रागावू नकोस म्हणाले, म्हणून तुम्ही नऊ वर्षं गप्प?

तो : रागावता आलं असतं तर सोपं होतं. तो पॉलिश पेपर दे इकडे. जाडा. वाळूसारखा लागतो तो.

ती : हा घ्या. आणि हे नवं धड कधी आणलंत? पाळण्याएवढं आहे!

तो : गेल्या महिन्यात. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. फायबरचं आहे, नुसतं कवच. नाकात ही प्लायवुडची फळी चिकटवायची आणि तिच्यावर इंजिन. भावासाठी करतोय.

ती : आणि फळीच्या कडेला हे कोरं पोस्टकार्ड कशाला खोचलंय?

तो : फट राहायला. फळी घट्ट बसवली की बाहेरून धडावर वळ उठतो. कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवायची आणि ती गोंदाने भरायची.

ती : धन्य आहे बाई. या घरात पोस्टकार्डं लिहायला नाहीत, फटी मोजायला आहेत.

तो : हं.

ती : हं काय? घासलं होतं का तेव्हा?

तो : खालचा खण उघड. चष्म्याच्या डब्यामागे. रुमालात गुंडाळलेलं आहे बघ.

ती : ही तर फळीच आहे. इंजिनाच्या स्क्रूची चार भोकं पण आहेत.

तो : विमान पडलं तेव्हा मीच उचलली गवतातून, इंजिन आपटून तिच्यापासून सुटलं होतं. कुणी बघायच्या आत खिशात घातली. कडेवरून बोट फिरव.

ती : गुळगुळीत आहे. काचेसारखी चमकतेय.

तो : तो गोंद आहे. लाकडाला त्याने घट्ट धरलंय, फायबरला धरलेलंच नाही. आतली चकाकी घासून घालवली नाही, तर त्याला धरायला काही मिळतच नाही. इंजिन फळीसकट निखळून पुढे गेलं आणि मागचं सगळं दगडासारखं खाली आलं.

ती : म्हणजे भाऊजींचा हात...

तो : हात उत्तम होता. नेहमीसारखा.

ती : अहो, त्यांनी त्यानंतर रिमोट हातात घेतलेला नाही! मैदानाच्या रस्त्याने जायचं सोडलंय त्यांनी.

तो : ठाऊक आहे मला.

ती : आणि तुमचं तर पुस्तक पाठ. तीस वर्षं ग्रंथालयात काढलीत. मग हे कसं राहिलं?

तो : राहिलं नाही. घासायला बसलो होतो. ते धड त्याने स्वतः साचा करून बनवलेलं, सहा महिने खपून. इतकं पातळ की उजेडाला धरलं तर पलीकडची बोटं दिसायची. मी पेपर टेकवला आणि एक ओरखडा उठला. वाटलं, आता भोक पाडणार मी. तू ओळखतेसच मला. पुन्हा पुस्तक उघडलं. चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासा, असं लिहिलं होतं. ते दोनदा वाचलं. मग स्पिरिटने नुसतं पुसून घेतलं.

ती : दोनदा वाचलं, म्हणजे केल्यासारखंच वाटलं असणार.

तो : माझं सगळं आयुष्य असंच गेलंय.

ती : आयुष्याचं मागाहून बघू. आधी फळीचं बोला.

तो : करतोय ना आता. हात घालून बघ आत, कसं खरखरीत झालंय. हे पुरं झालं की पाठवून देतो. त्याला कळेल.

ती : काय कळेल? दादाने विमान पाठवलं, एवढंच. त्यांनी विमान मागितलं नव्हतं. विचारलं होतं.

तो : खरं कळलं तर बोलायचा नाही माझ्याशी.

ती : आत्ता कुठे बोलता? "तब्येत?" "बरी." की लगेच फोन माझ्या हातात. दोन भावांच्या गुडघ्यांच्या बातम्या इकडून तिकडे पोचवून कंटाळलेय मी.

तो : हसवू नकोस, गोंद कालवतोय. लाकडाचा भुसा टाक चिमूटभर, ओघळणार नाही. बास. आता फळी धर, मी कडेने भरतो. हलवू नकोस.

ती : श्वाससुद्धा घेत नाहीये. बसली?

तो : बसली. कार्ड अलगद ओढ बाहेर. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही.

ती : म्हणजे आजचा दिवस तुम्ही मोकळे. हे पेन. आणि हेच कार्ड.

तो : त्याच्या कोपऱ्याला गोंद लागलाय.

ती : मग उरलेल्या तीन कोपऱ्यांत मावेल तेवढंच लिहा. जास्त जागा दिली की तुम्ही संदर्भ शोधत बसाल.

तो : "नाही घासलं. तुझा हात चुकला नव्हता. फळी सोबत पाठवतोय, कडा बघ." पुढे?

ती : पुढे काही आहे?

तो : "रागाव."

ती : आणा ते इकडे. पाकिटात घालते, फळीसकट. तुम्ही चपला घाला.

(टपाल कार्यालय. दोघे रांगेतून खिडकीशी येतात.)

कारकून : आत काय आहे, आजोबा?

तो : लाकूड. तळहाताएवढं.

कारकून : फुटण्यासारखं नाही ना?

ती : नाही हो. तुम्ही पटकन घ्या, नाहीतर हे परत मागतील.

कारकून : शिक्का मारला की परत मिळत नाही. पत्ता बघून घ्या एकदा.

ती : अहो, चष्मा लावा. बघा बरं.

तो : मारा शिक्का. पत्ता पाठ आहे. दर वेळी तेवढाच लिहून व्हायचा.